श्वानपरीक्षेची परिभाषा

घोडा आणि बैल या दोन जनावरांविषयीं मराठी भाषा फार श्रीमंत आहे. घोड्याचे रंग सांगावयाचे झाले तर अबलख, कुमाईत, सबजा, पंचकल्याणी असे नेमके शब्द आपल्याजवळ आहेत. त्याच्या चालीसाठीं कदम, दुडकी, चौखूर असे निरनिराळे शब्द आहेत. बैलाच्या बाबतींत खिलार, डांगी, गवळाऊ अशीं जातींचीं नांवें आणि वशिंड, पोळी, पुठ्ठा, खूर अशीं अवयवांचीं नांवें शेतकऱ्याच्या तोंडीं सहज असतात. याचें कारण उघड आहे. ज्या जनावरावर स्वारी करावयाची किंवा ज्याच्या मानेवर जूं ठेवावयाचें, तें पारखून घ्यावें लागे, त्यासाठीं रोख दाम मोजावे लागत, आणि पारखण्यांत चूक झाली तर ती वर्षानुवर्षें भोंवत असे. कुत्र्याच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रीं आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, धर्मराजाच्या सोबतीनें तर तो स्वर्गाच्या दारापर्यंत जाऊन पोंचला. परंतु त्याच्या अंगाचें वर्णन करावयास बसलें कीं काळा, तांबडा, कबरा, लांब कानांचा, झुबकेदार शेपटीचा, एवढ्या चारपांच शब्दांतच आपली मजल संपते. कुत्रा ही विकत घेण्याची वस्तु नव्हती. तो आपण होऊन दाराशीं येऊन राहात असे.

ही स्थिति आतां पालटली आहे. मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या शहरांतील कितीतरी कुटुंबें पिलूं विकत घेतात, त्यासाठीं मोठी रक्कम देतात, आणि पिलाबरोबर त्यांच्या हातीं एक कागदहि येतो. त्या कागदावरचे आणि विकणाराच्या तोंडचे बहुतेक शब्द इंग्रजी असतात. पेडिग्री, स्टँडर्ड, स्टॉप, विदर्स, मर्ल, बाइट असे शब्द कानांवर पडूं लागले म्हणजे घेणारा गृहस्थ मान डोलवितो, पैसे देतो आणि पिलूं घरीं आणतो. हे शब्द आले कोठून, ते कुत्र्याच्या अंगावर नेमकी कोणती जागा दाखवितात, आणि त्यांपैकीं कोणते शब्द जनावराला जड जातात, एवढ्या तीन गोष्टींचा विचार आज आपण करूं.

प्रथम 'जात' हाच शब्द घेऊं. मराठींत या एका शब्दावर आपण फार ओझें लादलें आहे. सिंह आणि कुत्रा यांच्या जाती वेगळ्या असें आपण म्हणतों, आणि ग्रेहाउंड व बुलडॉग यांच्याहि जाती वेगळ्या असेंच म्हणतों. या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें जगांतील सर्व पाळीव कुत्रीं एकाच प्रजातींत मोडतात. आयरिश वुल्फहाउंड नराची उंची निदान ७९ सेंटिमीटर असावी असा दंडक आहे, तर चिवावा नांवाचें कुत्रें वीतभर उंचीचें असतें. तरीहि दोघांच्या मानेंत सातच मणके असतात, छातीला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावर तोंडांत बेचाळीस दांत यावयाचे असतात. इंग्रजींत ज्याला ब्रीड म्हणतात तो प्रजातीच्या आंत माणसानें निवडून, जपून वाढविलेला एक वाण आहे. शेतकरी ज्या अर्थानें ज्वारीचा वाण म्हणतो, त्याच अर्थानें हा शब्द घ्यावा. माणूस आणि कुत्रा यांचें साहचर्य निदान चौदा हजार वर्षांचें आहे. परंतु आज कागदोपत्रीं नोंदलेले बहुसंख्य वाण गेल्या दोनशें वर्षांत त्यांच्या आजच्या स्वरूपाला आले आहेत.

'पेडिग्री' म्हणजे वंशावळ. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ करकोच्याचा पाय असा आहे. वंशावळींत बापाच्या नांवापासून मुलांच्या नांवांकडे ज्या रेघा ओढीत, त्या पक्ष्याच्या पावलासारख्या दिसत. तेव्हां पेडिग्रीचा कागद एवढेंच सांगतो कीं, या पिलाचे आईबाप, आजेपणजे अमुक होते आणि ते सर्व एकाच वाणाचे होते. आपल्याकडे 'जातिवंत' हा शब्द स्तुतीचा आहे; जातिवंत म्हटलें कीं निरोगी, देखणें, गुणी असा सर्व अर्थ आपण त्यांत गृहीत धरतों. वंशावळीच्या कागदांत त्यांपैकीं कशाचीहि हमी नसते. उलट एखाद्या पारितोषिकप्राप्त नराचें नांव बापाकडून आणि आईकडून असें दोन्हीकडून वरचेवर आलेलें असेल, तर तें अतिजवळच्या संबंधाचें चिन्ह होय, आणि सुज्ञ माणसानें त्या कागदाकडे अधिक सावधपणानें पाहिलें पाहिजे.

आतां वाणांच्या नांवांकडे वळूं. हीं नांवें वरवर पाहतां निरर्थक वाटतात. परंतु त्यांतील बरींच नांवें म्हणजे त्या कुत्र्याच्या धंद्याची पाटी आहे. पॉइंटर हा शिकारीचा वास येतांच थबकतो आणि नाक व शरीर एका रेषेंत धरून पक्षी कोठें आहे तें दाखवितो. सेटर त्याच प्रसंगीं जमिनीसरशीं दबून बसे, म्हणून त्याला तें नांव मिळालें. रिट्रीव्हरचें काम पडलेला पक्षी दांत न रुतवितां उचलून मालकाकडे आणून देण्याचें. टेरिअर या नांवाच्या मुळाशीं भूमि या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण हा कुत्रा कोल्ह्याच्या बिळांत शिरत असे. डाक्सहुंड हें जर्मन नांव; बॅजर नांवाच्या बिळांत राहणाऱ्या जनावराच्या शिकारीचा कुत्रा, असा त्याचा सरळ अर्थ. बुलडॉग हा बैलावर सोडण्याचा कुत्रा होता.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर कारवानी कुत्र्याचें घेतां येईल. दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेला कर्नाटकाचा भाग येथें हा सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. तांड्यांबरोबर हिंडणारा म्हणून तो कारवानी. ज्याच्या कानांवर व शेपटीवर झालरीसारखे मऊ केस असतात त्याला पश्मी म्हणतात; लोकर या अर्थाचा जो फारसी शब्द पश्मिना या कापडाच्या नांवांत आहे तोच हा. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्यानें या कुत्र्याला आश्रय दिला, म्हणून त्याला मुधोळ हाउंड असेंहि म्हणतात. भारतांत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या दोन संस्थांपैकीं एक त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करते, तर दुसरी मुधोळ हाउंड म्हणून करते. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ हाउंड होता. कुत्रा एक आणि नांवें तीनचार, हें पाहिलें म्हणजे नांवावरून वाणाविषयीं पक्के निष्कर्ष काढणें किती धोक्याचें आहे हें लक्षांत येतें.

नांवांनंतर अवयव. येथें एक मूलभूत गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुष्कळ गोंधळ टळतो. माणूस सबंध पाऊल टेकून चालतो. कुत्रा चवड्यावर, खरें म्हणजे बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूस टोंक काढून असतो, त्याला आपण उलटा गुडघा समजतों. तो गुडघा नव्हे. ती त्याची टांच व घोटा होय, आणि त्याला इंग्रजींत हॉक म्हणतात. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या रेषेजवळ असतो, तो स्टायफल. त्याचप्रमाणें पुढच्या पायांतील ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतों तें त्याचें मनगट आहे, आणि त्या मनगटापासून बोटांपर्यंतचा भाग, म्हणजे आपला तळहात, तो पास्टर्न. पुढच्या पायांच्या आंतल्या अंगाला किंचित् वर जें पांचवें बोट लोंबतें त्याला ड्यूक्लॉ म्हणतात. तो त्याचा आंगठा. पुढें पांच पांच आणि मागें चार चार अशीं कुत्र्याला सामान्यतः अठरा नखें असतात. मागच्या पायांनाहि आंगठे असले म्हणजे वीस होतात. खेड्यापाड्यांतून वीस नखांच्या कुत्र्याचें जें कौतुक ऐकूं येतें त्याचें रहस्य एवढेंच.

हॉक, स्टायफल, पास्टर्न हे शब्द इंग्रजांनीं घोड्यावरून उचलले. विदर्स हाहि तसाच. मान संपून पाठ सुरू होते तेथें, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्यें जो उंचवटा लागतो तो विदर्स. बैलाचें वशिंड जेथें असतें जवळजवळ तीच ही जागा. कुत्र्याची उंची नेहमीं जमिनीपासून येथपर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत मोजीत नाहींत. कारण डोकें वरखालीं होतें, हा उंचवटा होत नाहीं. कुत्र्याला आपल्यासारखें गळ्याचें हाड असत नाहीं. त्याचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनीं बांधलेले असतात. धांवतांना त्याचा खांदा जो इतका मोकळेपणानें सरकतो तो त्यामुळेंच, आणि लहान पिलाला पुढच्या दोन पायांनीं धरून उचलूं नये असें सांगतात तेंहि त्यामुळेंच.

डोक्याकडे आलों म्हणजे मुख्य शब्द दोन. डोळ्यांच्या पुढचा, नाकपुड्यांपर्यंतचा जो भाग त्याला मझल म्हणतात; आपला मुसकट हा शब्द त्याला चपखल बसतो. कपाळ संपून मुसकट सुरू होतें तेथें दोन डोळ्यांमध्यें जो खळगा किंवा पायरी असते तिला स्टॉप म्हणतात. ग्रेहाउंडमध्यें ही पायरी जवळजवळ नसते, पगमध्यें ती भिंतीसारखी उभी असते. कवटीच्या लांबीरुंदीवरून लांबडोके, मध्यमडोके आणि आंखूडडोके असे कुत्र्यांचे तीन वर्ग करतात. हे शब्द मुळांत माणसांच्या कवट्यांसाठीं स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञ आंडर्स रेट्झियस यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रचारांत आणले, आणि पुढें ते कुत्र्यांना लागू झाले. मिटलेल्या तोंडांत वरचे पुढील दांत खालच्या दांतांवर कात्रीच्या पात्यांसारखे किंचित् पुढें येऊन बसतात, त्या ठेवणीला सिझर बाइट म्हणतात. खालचा जबडा पुढें आला तर तो अंडरशॉट, आणि वरचा फार पुढें आला तर ओव्हरशॉट. गळ्याखालीं लोंबणाऱ्या कातडीला बैलाप्रमाणें पोळीच म्हणावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ही सर्व परिभाषा जेव्हां काम करणाऱ्या कुत्र्यासाठीं वापरली जात होती, तेव्हां तींतील प्रत्येक शब्दाला एक अर्थ होता आणि एक मर्यादाहि होती. ग्रेहाउंडची किंवा कारवानीची छाती खोल हवी, कारण भरधाव धांवतांना फुप्फुसांना व हृदयाला जागा लागते. पोट वर खेंचलेलें हवें, कारण प्रत्येक उडींत मागचे पाय पोटाखालून पार पुढें यावयाचे असतात. अशा बांध्याचा ग्रेहाउंड ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतो. बॉर्डर टेरिअरचा दंडक असा कीं, त्याची छाती खांद्यांच्या मागें दोन हातांच्या पंजांत मावली पाहिजे. हा सौंदर्याचा विचार नव्हे. त्याहून रुंद छातीचा कुत्रा कोल्ह्याच्या बिळांत अडकला असता. छाती किती खोल, पाय किती आंखूड, हें कोणाला लिहून ठेवावें लागत नसे. काम तें ठरवीत असे. ज्याचा दम लागे, जो लंगडे, तो शिकारीला निरुपयोगी ठरे, आणि त्याची पैदास कोणी करीत नसे.

१८५९ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें पॉइंटर व सेटर कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें. आधुनिक श्वानप्रदर्शनांचा आरंभ तेथून मानतात. १८७३ सालीं लंडनला केनेल क्लब स्थापन झाली. वाणावाणाचीं आदर्श लक्षणें शब्दांत लिहिण्यांत आलीं. यालाच स्टँडर्ड म्हणतात. आज फ्रान्स, जर्मनी आदि देशांच्या पुढाकारानें १९११ सालीं निघालेल्या आंतरराष्ट्रीय संघाच्या यादींत असे साडेतीनशेंहून अधिक वाण आहेत. वंशावळी नीट ठेवणें, वाण टिकविणें हा हेतु चांगलाच होता. परंतु त्यामुळें एक बदल घडून आला. कुत्र्याची परीक्षा रानांत होत होती ती रिंगणांत होऊं लागली, आणि कामाच्या जागीं शब्द आला. शब्दाला दिशा असते, पण मर्यादा नसते. 'मुसकट आंखूड असावें' असें लिहिलें म्हणजे दोन कुत्र्यांत ज्याचें अधिक आंखूड तो सरस ठरतो, त्याचीच पिलें मागितली जातात, आणि पुढच्या पिढींत स्पर्धा तेथून पुढें चालू होते. कोठें थांबावयाचें तें शब्द सांगत नाहीं.

बुलडॉगची कथा याचा बोलका पुरावा आहे. बैलावर कुत्रीं सोडण्याचा क्रूर खेळ ब्रिटनमध्यें १८३५ च्या कायद्यानें बंद झाला. म्हणजे बुलडॉगचा धंदा संपला आणि त्यानंतर कांहीं दशकांतच प्रदर्शनें सुरू झालीं. बैलाशीं झुंजणारा तो चपळ कुत्रा पुढें पिढ्यान्‌पिढ्या अधिक रुंद, अधिक बुटका आणि अधिक चपट्या तोंडाचा होत गेला. आज या वाणाच्या माद्यांची नैसर्गिक प्रसूति हीच अपवादासारखी झाली आहे. ब्रिटनमध्यें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरिअर यांच्या शेंकडा ८० हून अधिक विणी पोट चिरून कराव्या लागल्याचें आढळलें. पिलांचें डोकें मोठें आणि आईचा कटिभाग अरुंद, हें त्याचें एक प्रमुख कारण.

आंखूड मुसकटाचें दुसरें फळ श्वासाचें. निवड करून हाड आंखूड झालें, पण त्याच्या आंतील मऊ टाळू, जीभ आणि कातडी त्या प्रमाणांत लहान झालीं नाहींत. त्यामुळें नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद राहातात, घशाशीं टाळू लोंबते, आणि प्रत्येक श्वासाला अडथळा होतो. माणसाप्रमाणें कुत्र्याच्या सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकून, ओल्या जिभेवरून व नाकांतून हवा खेळवूनच तें आपलें शरीर थंड ठेवतें. ज्याची ही वाटच अरुंद, त्याला विदर्भांतला उन्हाळा म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी. पग झोपेंत घोरतो त्याचें घरांतल्या मुलांना हसूं येतें. पशुवैद्याच्या दृष्टीनें तें घोरणें हें श्वासमार्ग कोंडल्याचें लक्षण असतें.

असेच आणखी दोन शब्द सांगतों. डाक्सहुंडचे पाय आंखूड असतात याचें मूळ एका जनुकाच्या जादा प्रतींत आहे, हें २००९ सालीं उघडकीस आलें; तशाच प्रकारची दुसरी एक प्रत २०१७ सालीं सांपडली, आणि मणक्यांमधील चकत्या अकालीं कठीण होऊन पाठीचें दुखणें उद्भवतें त्याच्याशीं तिचा संबंध दिसून आला. म्हणून या कुत्र्यांना जिने चढण्या-उतरण्यास आणि पलंगावरून उड्या मारण्यास लावूं नये. दुसरा शब्द मर्ल. करड्या अंगावर गडद ठिपके शिंपडल्यासारखा हा रंग फार मोहक दिसतो आणि त्याला किंमतहि जास्त येते. पण आई व बाप दोघेहि मर्ल असले तर पिलांपैकीं सरासरीनें चौथ्या हिश्श्याला तें जनुक दोन्हीकडून मिळतें, आणि अशीं पिलें पुष्कळदां बहिरीं किंवा दृष्टिहीन निपजतात. तेव्हां 'दुर्मिळ रंग' असें कोणी म्हणूं लागला तर दोन्ही आईबापांचे रंग विचारावे.

या अनर्थाची जाणीव उशिरा कां होईना, झाली आहे. २००८ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिटनमध्यें बीबीसीनें वंशावळीच्या कुत्र्यांच्या व्याधींवर एक माहितीपट दाखविला आणि मोठी खळबळ उडाली. २००९ सालीं केनेल क्लबनें अनेक वाणांच्या लक्षणांची भाषा बदलली, आणि प्रकृतीला बाधक होईल अशी अतिशयोक्ति टाळावी असें स्पष्ट लिहिलें. २०१० सालीं प्राणिशास्त्रज्ञ सर पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी-अहवाल आला. नेदरलंड्समध्यें तर २०१९ सालीं पैदाशीच्या कुत्र्यांसाठीं मोजमापच ठरविण्यांत आलें. मुसकटाची लांबी कवटीच्या लांबीच्या सुमारें एकतृतीयांशापेक्षां कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करूं नये. शब्दाला जी मर्यादा नव्हती ती अशा रीतीनें आंकड्यांत घालून द्यावी लागली.

आपणांपैकीं कोणी पिलूं घेणार असेल तर त्यानें काय पाहावें? शक्य तर पिलाची आई पाहावी, तिला थोडें चालवून व धांववून पाहावें, आणि तोंड मिटून ती शांतपणें श्वास घेते कीं नाहीं तें ऐकावें. नाकपुड्या उघड्या व गोल आहेत कीं नुसत्या चिरा आहेत, डोळे पापण्यांत नीट झांकतात कीं बाहेर आल्यासारखे दिसतात, हें पाहावें. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड यांसारखें मोठें कुत्रें असेल तर आईबापांच्या कटिसंधींची क्षकिरण-तपासणी झाली आहे काय, हें विचारावें. या वाणांत तो सांधा उखळींत नीट न बसण्याचा विकार आनुवंशिक आहे. विकणारानें एखादें लक्षण मोठ्या अभिमानानें सांगितलें तर तें लक्षण कुत्र्याच्या कोणत्या कामाचें, असा साधा प्रश्न करावा. उत्तर आलें नाहीं तर घाई करूं नये.

शेवटीं एका शब्दाविषयीं बोललें पाहिजे. आपल्या रस्त्यावरील कुत्र्याला इंग्रज लोक 'पॅरिया' म्हणत. पराई नांवाचा ढोल वाजविणाऱ्या तामिळ समाजाच्या नांवावरून हा शब्द बनला, आणि इंग्रजींत त्याचा अर्थ बहिष्कृत असा झाला. एकाच शब्दांत एका मनुष्यसमाजाचा आणि एका जनावराचा असा दोघांचा अपमान त्यांनीं करून ठेवला. आपला 'गांवठी' हा शब्द तितका विषारी नाहीं, पण त्यांतहि तुच्छता आहेच. या कुत्र्याला कोणीं स्टँडर्ड लिहून दिलें नाहीं. ऊन, पाऊस आणि उपास यांनींच त्याची परीक्षा घेतली. त्या परीक्षेंतून मध्यम उंचीचें, मध्यम डोक्याचें, पुरेशा लांब मुसकटाचें, हलक्या आंखूड केसांचें आणि वळलेल्या शेपटीचें असें जें अंग तयार झालें, तें या हवेला मानवणारें आहे. तें घरीं पाळावें कीं न पाळावें हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न. पण पिलूं विकत घेण्यास निघण्यापूर्वीं गल्लींतल्या या कुत्र्यापाशीं पांच मिनिटें थांबावें. त्याचें मुसकट, नाकपुड्या, पाठ आणि चाल नीट पाहून घ्यावी. निरोगी कुत्रें कसें श्वास घेतें आणि कसें धांवतें, तें एकदां नजरेंत भरलें म्हणजे विकणाराच्या शब्दांनीं दिशाभूल होण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.